वाङ्निश्चयाचें छायाचित्र

वाङ्निश्चयाच्या विधीस पंचांग प्रमाण, यांत वाद नाहीं. परंतु छायाचित्राची वेळ सूर्यास विचारावी. आमच्या महागावीं मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यांत दुपारीं १२-१५ च्या सुमारास सूर्य थेट माथ्यावर येतो आणि भुवयांची सावली डोळ्यांवर पडते. थोरल्या कन्येच्या वेळीं विधि आटोपतांच आम्हीं सर्वांस भर उन्हांत अंगणांत उभें केलें. (पानें वाढलीं होतीं, हीच काय ती घाई!) त्या चित्रांत आमच्या मातोश्रींच्या डोळ्यांच्या जागीं केवळ काळोख आहे, त्यांचें दुसरें चित्र नाहीं. धाकटीच्या वेळीं मंडळींस आम्हीं सूर्यास्तापूर्वीं घटकाभर, सव्वासहास, पुन्हां अंगणांत बोलाविलें. तिरप्या, सौम्य प्रकाशांत विहीणबाईंच्या नथींतील मोतींही स्पष्ट उमटले. मातोश्री तेव्हां नव्हत्या.