उसाच्या उताऱ्यापासून नियोजन आयोगापर्यंत

श्रीरामपूरला गाडीतून उतरलं की स्टेशनवर पाटी 'बेलापूर'ची दिसते आणि गावाबाहेर पडलं की नजर जाईल तिकडे ऊस. अर्थशास्त्र शिकायला याहून चांगलं गाव शोधूनही सापडणार नाही, असं मला मनापासून वाटतं. तुम्ही बोरावके कॉलेजात बी.ए.ला असा, नाहीतर सी. डी. जैनमध्ये बी.कॉम.ला, पुढची माहिती तुमच्यासाठीच.

बिलातलं गणित
२०२५-२६ च्या हंगामासाठी उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचा किमान दर, क्विंटलला ३५५ रुपये ठरली, ती १०.२५ टक्के उताऱ्याला, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला. त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये जादा. म्हणजे उतारा ११.२५ टक्के आला, तर टनाला ३,८९६ रुपये. त्यातून तोडणी-वाहतूक वजा. हा दर सुचवतो कृषी मूल्य आयोग. शेतकऱ्याचा खर्च मोजणं, साखरेच्या बाजाराचा अंदाज बांधणं हे तिथलं रोजचं काम, आणि त्याला अर्थशास्त्र शिकलेली माणसं लागतात. घरचं ऊसबिल एकदा हातात घ्या. किंमत, खर्च, प्रोत्साहन, सरकारी हस्तक्षेप अशी निम्मी प्रकरणं त्या एका कागदावर सापडतील.

कालव्यावर पुस्तक
भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं आणि कालव्यांतून आलेल्या प्रवरेच्या पाण्याने या मुलखाचं रूप पालटलं. पण कालव्याचा फायदा मोजायचा कसा? फक्त पाणीपट्टी किती जमली त्यावरून? अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ आणि पुण्याच्या गोखले संस्थेने गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष लाभांची पाहणी केली. तिचा अहवाल १९४८ मध्ये छापून आला. आपल्याच शिवारातला हा अभ्यास इथल्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असायला हवा.

प्राध्यापक झाले चेअरमन
हेच गाडगीळ पुढे विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबरीने लोणीच्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत उतरले आणि त्याचे पहिले अध्यक्ष झाले. केंब्रिजमध्ये शिकलेला माणूस ऊस उत्पादकांच्या सभा चालवत होता! १९६७ मध्ये ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. राज्यांना केंद्राची योजना-मदत कशी वाटायची याचं १९६९ चं सूत्र आजही 'गाडगीळ सूत्र' म्हणूनच ओळखलं जातं. लोकसंख्येला त्यात ६० टक्के वजन होतं. अर्थशास्त्र शिकून काय होतं, असं कोणी विचारलं तर मी आधी हे एक नाव सांगते.

खंडकऱ्यांचा प्रश्न
शेतकऱ्यांनी साखर कंपन्यांना जमिनी खंडाने दिल्या, १९६१ चा कमाल जमीन धारणा कायदा आला आणि त्या सरकारकडे गेल्या, १९६३ मध्ये त्या कसायला शेती महामंडळ स्थापन झालं आणि मूळ मालक जमीन परत मिळण्याची वर्षानुवर्षं वाट पाहत राहिले. हरेगाव-टिळकनगर पट्ट्यात ही घरोघरची कहाणी. जमीन, भाडं, मालकी हक्क यांवर प्रबंध लिहायचा असेल तर विषय इथे दाराशी आहे, आणि तो लिहिला जावा अशी माझी फार इच्छा आहे.

आणखी दोन नावं
डॉ. आंबेडकरांनी १९१८ मध्येच लहान शेतजमिनींवर निबंध लिहून सांगितलं, की खरा इलाज औद्योगिकीकरणात आहे. जमिनीवरचा माणसांचा भार उद्योगांनी उचलायला हवा. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांनी नीळकंठ रथांसोबत १९७१ मध्ये गरिबी मोजली, ती २,२५० कॅलरींच्या अन्नाला लागणाऱ्या खर्चावरून.

आणि नोकरी?
बँकेच्या पी.ओ. परीक्षेला कुठलीही पदवी चालते. भारतीय आर्थिक सेवेला मात्र अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवीच लागते. परीक्षा यूपीएससी घेते. रिझर्व्ह बँकेच्या संशोधन विभागात, नाबार्डमध्ये, राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयातही या विषयाला मान आहे. एम.ए.साठी गोखले संस्था किंवा मुंबई विद्यापीठ डोक्यात असेल, तर गणित आणि संख्याशास्त्र सोडू नका. प्रवेशाला तेच आडवं येतं. तयारीला महागडं पुस्तक लागत नाही. 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' दरवर्षी अर्थसंकल्पाच्या तोंडावर येते, मराठीत आणि फुकट. तिच्यातला शेती आणि सहकाराचा भाग आधी वाचा.