हाताला वळण लागेपर्यंत

नवजात बाळाचे श्वास मोजणं ऐकायला सोपं वाटतं. बाळ रडत असेल किंवा दूध पीत असेल तर मोजायचे नाहीत, ते शांत होईपर्यंत थांबायचं. झबलं वर सरकवायचं, म्हणजे पोट हलताना नीट दिसतं. मग एक नजर घड्याळावर आणि एक बाळाच्या पोटावर ठेवून पूर्ण एक मिनिट मोजायचं. अर्ध्या मिनिटाचे मोजून दुप्पट करायचे नाहीत, कारण इतक्या लहान बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. मध्येच मंदावतो, मध्येच भरभर होतो. आकडा ६० किंवा त्याहून जास्त आला तर लगेच पुन्हा मोजायचा. दुसऱ्यांदाही तसाच आला, तर बाळाला दवाखान्यात न्यायला घरच्यांना तयार करायचं.

गावात हे काम आरोग्य कार्यकर्ती, म्हणजे आशाताई करते. घरात अंधूक उजेड असतो, सासू आणि शेजारणी भोवती बसलेल्या असतात, ‘बघू बघू, वजन किती भरलं?’ अशी घाई चाललेली असते. त्या गलबल्यात तिला एक मिनिट मोजणी चुकू द्यायची नसते. प्रशिक्षणाच्या वर्गात हे सांगायला अर्धा तास पुरतो. हात बसायला मात्र कित्येक बाळं आणि कित्येक महिने जावे लागतात. सार्वजनिक आरोग्य सेवेतल्या प्रशिक्षणाचा खरा प्रश्न या दोन वेळांच्या मधल्या अंतरात आहे आणि आपल्या व्यवस्थेत हिशेब राहतो तो फक्त त्या अर्ध्या तासाचा.

हे अंतर कसं भरून काढायचं, हे महाराष्ट्राला बाहेरून शिकायची गरज नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. तिथे लहान मुलं न्यूमोनियाने दगावत होती आणि न्यूमोनिया ओळखायची खूण होती श्वासाची गती. गावातल्या सुईणींना बाळंतपणाचा दांडगा अनुभव होता, पण त्यांना पन्नास-साठपर्यंत अंक येत नव्हते. अशा वेळी ‘या बायकांना जमणार नाही’ असा शेरा मारून फाइल बंद करणं सोपं होतं. तिथे साधनच बदललं गेलं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि त्याच्याबरोबर मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोहोचलं तर न्यूमोनिया. शिकणारीला जे येतं तिथून सुरुवात करायची, हे तत्त्व शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात सगळे वाचतात. इथे ते एका लाकडी चौकटीत बसवून सुईणीच्या हातात दिलं गेलं.

पुढे याच जिल्ह्यात नवजात बाळांच्या घरोघरच्या सेवेचा प्रयोग झाला. ३९ गावांमध्ये थोडंफार शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं गेलं, तुलनेसाठी ४७ गावं होती. बाळाचं वजन, तापमान, श्वास, अंगावर पाजणं, ऊब देणं आणि जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शनसुद्धा, हे सगळं त्या करू लागल्या. तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांमध्ये मृत्यूचं प्रमाण आधी १६.६ टक्के होतं, ते या स्त्रियांच्या उपचारानंतर २.८ टक्क्यांवर आलं. १९९९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा सगळ्यांची चर्चा इंजेक्शनवर झाली. गावातल्या बाईच्या हाती सुई द्यावी का, यावर डॉक्टरमंडळी भांडली. माझ्या मते त्या प्रयोगाचा कणा दुसरीकडे होता. पर्यवेक्षक नेमाने गावात येत, आरोग्यदूताबरोबर घरात जात, तिची नोंदवही तपासत आणि चुकलं तिथे तिथल्या तिथे दुरुस्त करत. वर्ग संपला तरी शिकवणं संपलेलं नसे.

जामखेडची गोष्ट त्याहून जुनी. १९७०मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दुष्काळी तालुक्यात आले. त्यांनी नर्सेसना गावोगावी पाठवून पाहिलं, ते जमलं नाही. मग गावानेच आपली बाई निवडावी असं ठरलं. निवडून आलेल्या पुष्कळ जणी निरक्षर होत्या, अनेक दलित समाजातल्या होत्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येत आणि मुक्काम करत. आठवडाभरात गावात काय घडलं ते एकमेकींना सांगत, त्यातूनच पुढचा धडा निघे. जातीपातीची अंतरं त्या एकत्र जेवणाखाण्यात आणि झोपण्यात कमी होत गेली, आणि हाही अभ्यासक्रमाचाच भाग होता. कारण जी बाई दुसऱ्या आळीत पाऊल टाकायला कचरते, ती तिथल्या बाळाला तपासणार कशी? १९७९मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दर आठवड्याचं ते येणं-जाणं पुढेही वर्षानुवर्षं चालू राहिलं, आणि मला पुरस्कारापेक्षा ते मोठं वाटतं.

मग राज्यभर हे का दिसत नाही?

उत्तर आकारात आहे. २००५मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि हजार लोकसंख्येमागे एक आशा नेमायचं ठरलं. आज देशात त्यांची संख्या दहा लाखांच्या घरात आहे. एवढ्या जणींना एका ठिकाणी बसवून शिकवणं अशक्य, म्हणून उतरंड रचली गेली. दिल्लीत पुस्तिका तयार होते, राष्ट्रीय प्रशिक्षक राज्याच्या प्रशिक्षकांना शिकवतात, ते जिल्ह्याच्या, जिल्ह्याचे तालुक्याच्या आणि तिथून आशा. दूध जितक्या हातांतून जातं तितकं त्यात पाणी पडतं, तसं इथे होतं. गडचिरोलीत ज्या कौशल्यासाठी बाळ हातात घेऊन सराव होई, ते चौथ्या पायरीवर पोहोचेपर्यंत पडद्यावरची चित्रं आणि मोठ्याने वाचलेली पुस्तिका एवढंच उरतं. यात प्रशिक्षकांचा दोष काढणं अन्याय होईल. तालुक्याचा प्रशिक्षक बहुतेक वेळा स्वतःची नोकरी सांभाळून शिकवत असतो, आणि त्याने ते कौशल्य स्वतः शेवटचं कधी वापरलं हे त्याला कुणी विचारलेलं नसतं.

कागदावरची रचना वाईट नव्हती, हे मुद्दाम सांगायला हवं. आशांच्या सहाव्या-सातव्या पुस्तिकांचं प्रशिक्षण २० दिवसांचं, पण पाच-पाच दिवसांच्या चार फेऱ्यांमध्ये वाटलेलं. मधल्या काळात गावात जाऊन करून पाहायचं, अडलेलं घेऊन पुढच्या फेरीला यायचं, असा त्यामागचा विचार. २०११पासून घरोघरच्या नवजात सेवेचं काम देशभर आशांकडे आलं: दवाखान्यात बाळंतपण झालं तर सहा भेटी, घरी झालं तर सात, ४२व्या दिवसापर्यंत. त्यासाठी वजनकाटा, तापमापक, घड्याळ असं साहित्यही दिलं गेलं. पण शिकलेलं नीट होतंय का ते घरात जाऊन पाहणाऱ्या गटप्रवर्तकेकडे साधारण वीस आशा, शिवाय अहवालांचा ढीग. तिच्या भेटीत फॉर्म तपासले जातात, हात तपासायला वेळच राहत नाही.

एकदा शिकवून सोडून दिल्याने काय होतं, याचा एक लख्ख पुरावा टांझानियातल्या हेडम या गावातल्या रुग्णालयातून आला. जन्मल्याबरोबर न रडणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटात श्वास कसा द्यायचा, याचं एक दिवसाचं प्रशिक्षण तिथे दिलं गेलं. नंतर बाहुलीवर परीक्षा घेतली तर सगळ्या सुधारल्या होत्या. पण खऱ्या प्रसूतिकक्षात बाळांना मिळणाऱ्या सेवेत काहीच फरक पडला नव्हता. मग त्यांनी पद्धत बदलली. बाहुली आणि श्वास देण्याची पिशवी कामाच्या जागीच ठेवली, आणि दर आठवड्याला तीन ते पाच मिनिटं सराव, महिन्यातून एकदा थोडा जास्त वेळ. त्यानंतर पहिल्या चोवीस तासांतले मृत्यू हजारी सुमारे ११ वरून सुमारे ७ वर आले. माणसं तीच होती आणि बाहुलीही तीच, फक्त सराव रोजच्या कामात आला.

आपल्याकडे हेच कौशल्य नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमाच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणात शिकवतात. शिकून परतणाऱ्या सिस्टरच्या उपकेंद्रात महिन्याला एखादंच बाळंतपण होत असेल, आणि त्यातलं न रडणारं बाळ वर्षातून एखादं. ते जन्मेल तेव्हा पिशवी कपाटात कुलूपबंद असेल आणि मास्क चेहऱ्यावर कसा धरायचा ते बोटं विसरलेली असतील. हनुवटीपासून नाकापर्यंत मास्क घट्ट बसला पाहिजे, डोळ्यांवर येता कामा नये, आणि छाती उचललेली दिसली पाहिजे. हवा कडेने निसटली तर सगळं व्यर्थ. त्या एका बाळासाठी वर्षभर दर आठवड्याला पाच मिनिटं सराव करणं मला अजिबात जास्त वाटत नाही.

सिस्टरचं ‘ट्रेनिंग लागलं’ की आणखी एक अडचण उभी राहते. सपाटीवर पाच हजार आणि आदिवासी-डोंगरी भागात तीन हजार लोकांमागे एक उपकेंद्र असतं. कुशल प्रसूती सहायकाचं प्रशिक्षण तीन आठवड्यांचं. तेवढे दिवस उपकेंद्र कोण उघडणार? शेजारच्या सिस्टरकडे अतिरिक्त कार्यभार जातो, म्हणजे दोन्हीकडचं लसीकरण ओढाताणीत होतं. आशाची अडचण वेगळी आहे. तिच्या कमाईचा मोठा भाग कामागणिक मिळणाऱ्या मोबदल्याचा, त्यामुळे वर्गात बसलेल्या दिवसांत गावातलं काम बुडतं. प्रशिक्षण भत्ता मिळतो, पण कधी मिळेल ते सांगता येत नाही. त्यात निधी उशिरा उतरला की सगळी प्रशिक्षणं मार्च एंडच्या तोंडावर येऊन आदळतात. साथीचे आजार, सर्पदंश, पाण्यातलं क्लोरीन तपासणारी ओटी टेस्ट आणि पाणी शुद्ध करणारी टीसीएल पावडर यांची उजळणी मे महिन्यात व्हायला हवी, म्हणजे जूनला उपयोगी पडते. फेब्रुवारीत ऐकलेलं पहिल्या पावसापर्यंत डोक्यात राहत नाही.

२०१८नंतर उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी आले. महाराष्ट्रात यात बीएएमएस झालेले पुष्कळ आहेत. सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करून ते रुजू होतात. रक्तदाब, मधुमेह, तोंडाचा कर्करोग यांची तपासणी आता गावात होते, आशा तिशीपुढच्या प्रत्येकाचा या आजारांची जोखीम पाहणारा ‘सीबॅक’ फॉर्म भरते. काम चांगलं आहे. पण सहा महिन्यांनंतर या अधिकाऱ्यांना कोण शिकवणार, याची नीट घडी बसलेली मला दिसत नाही. मोबाइलवरचे व्हिडिओ आणि ऑनलाइन चाचण्या माहिती देतात. पण सुजलेल्या पायावर बोट किती वेळ दाबायचं, हे शेजारी बसलेला अनुभवी माणूसच दाखवू शकतो.

असा अनुभव आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत असतो, फक्त त्याला वर जायला वाट मिळत नाही. रायगड जिल्ह्यात बिरवाडीच्या केंद्रात रुजू झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर लाल विंचवाच्या दंशाने मरणाऱ्या रुग्णांच्या उशाशी रात्र-रात्र बसून नोंदी घेत राहिले. रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन हे औषध या विषावर लागू पडतं, हे त्यांनी १९८०च्या दशकात दाखवून दिलं आणि जगाने ते स्वीकारलं. प्रशिक्षण म्हणजे वरून खाली येणारी सूचना असं ज्यांनी ठरवून टाकलंय, त्यांच्यासमोर हे उदाहरण ठेवायला हवं. कोणत्या वैद्यकीय अधिकाऱ्याने, कोणत्या आशाने काय पाहिलं, हे विचारणारं सत्र कोणत्याही वेळापत्रकात नाही. जामखेडच्या मुक्कामी मात्र सुरुवातच त्याने होत असे.

हे सगळं करायला नवी इमारत लागत नाही. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात दर महिन्याला आशांची बैठक होतेच. तिथे आज अहवाल गोळा होतात, मोबदल्याच्या पावत्या तपासल्या जातात, नव्या मोहिमेची तारीख सांगितली जाते. त्यातला पाऊण तास काढून ठेवावा. पहिली पंधरा मिनिटं महिन्याभरात अडलेल्या एका बाळाची किंवा बाळंतिणीची हकिकत, जिने पाहिलं तिच्याच तोंडून. मग जोडीजोडीने सराव: काट्याचा शून्य जुळवणं, तापमापक काखेत धरणं, बाहुलीवर मास्क बसवणं. आणि गटप्रवर्तकेच्या अहवालातले दोन रकाने कमी करून एक नवा घालावा, तिने स्वतः उभं राहून कोणत्या आशाला कोणत्या घरात श्वास मोजताना पाहिलं त्याचा. तालुका आरोग्य अधिकाऱ्याने दर महिन्याला सगळ्यात आधी तोच रकाना वाचावा.