दहा पैशांत 135 कोटी!

सांगलीतला एखादा दुकानदार दुपारच्या रिकाम्या वेळात मोबाइलवरून रिलायन्सचा एक शेअर घेतो. एकच! आधीच्या सौद्यापेक्षा दहा पैसे जास्त मोजून. त्याच्या खिशाला चाट बसली दहा पैशांची. आणि रिलायन्सची किंमत वाढली किती? तब्बल 135 कोटी रुपये!

हिशेब अगदी सोपा आहे. 2024च्या बोनसनंतर या कंपनीचे शेअर झाले साधारण 1,353 कोटी. बाजाराचा खाक्या असा, की शेवटचा सौदा ज्या भावाला झाला तोच भाव सगळ्या शेअरना लावायचा. मग बाकीचे वर्षानुवर्षं कुणाच्या डिमॅट खात्यात झोपून का असेनात. दहा पैसे गुणिले 1,353 कोटी. झाले 135 कोटी! (एमआरएफचा एक शेअर लाखाच्या वर जातो म्हणून लोक डोळे विस्फारतात. पण त्या कंपनीचे शेअरच 43 लाखांच्या आत आहेत. तिथे दहा पैशांनी जेमतेम सव्वाचार लाखांचा फरक पडतो.)

आता 135 कोटी म्हणजे नेमके किती? पाचशेची नोट 15 सेंटिमीटर लांब. मुंबई ते पुणे 150 किलोमीटर धरा. नोटेला नोट लावत निघालात, तर पुण्याला पोहोचेपर्यंत बरोब्बर दहा लाख नोटा लागतील. म्हणजे 50 कोटी रुपये. सांगलीच्या त्या दहा पैशांनी अशा जवळजवळ पावणेतीन ओळी अंथरल्या!

आणि हे किती झटक्यात होतं? आपली यंत्रणा ऑर्डरला सहा मायक्रोसेकंदांत प्रतिसाद देते, असं मुंबई शेअर बाजार सांगतो. सेकंदाचे दहा लाख तुकडे करा, त्यातले सहा उचला. तेवढ्या वेळात ताशी शंभरच्या वेगाने धावणारी डेक्कन क्वीन पुढे सरकेल मिलिमीटरचा सहावा हिस्सा!

यंत्राच्या पोटात असतात दोन रांगा, घेणाऱ्यांची आणि विकणाऱ्यांची. जास्त भाव देणारा पुढे. भाव सारखा असेल, तर आधी आलेला पुढे. नफ्याचे आकडे, व्याजदर, पाऊस, निवडणूक, अफवा, सगळं शेवटी या रांगांतच उतरतं. विकणाऱ्यांना घाई झाली, की ते पडेल त्या भावाला माल सोडतात. बाकीचं शास्त्र तज्ज्ञांकडे राहू द्या. आपण आकडे बघू.

कारण आता येतोय 4 जून 2024. लोकसभेचा निकाल. एक्झिट पोलच्या भरवशावर आदल्या दिवशी सेन्सेक्स 2,500 अंकांनी उसळलेला. मतमोजणी सुरू झाली, अंदाज चुकले, आणि सेन्सेक्स एका दिवसात 4,390 अंकांनी कोसळला. बाजारमूल्य उडालं सुमारे 31 लाख कोटी रुपयांचं!

बाजार चालतो सव्वासहा तास, म्हणजे 22,500 सेकंद. भागाकार करा. सेकंदाला सरासरी 138 कोटी! प्रत्येक सेकंदाला नोटांच्या पावणेतीन ओळी गायब. दिवसअखेर 62,000 ओळी! त्या शेजारी शेजारी मांडल्या, तर मुंबईपासून पुण्यापर्यंत चार किलोमीटर रुंदीचा गालिचा होईल, पाचशेच्या नोटांचा! माणशी वाटले, तर पाळण्यातल्या बाळासकट प्रत्येक भारतीयाच्या वाट्याला 22,000 रुपये!

आणि मोजायचे म्हटलं तर? नोटा 6,200 कोटी. सेकंदाला एक, ना जेवण, ना झोप, ना सुट्टी. लागतील 1,965 वर्षं! सातवाहनांच्या काळात पैठणला कुणी कारकून मोजायला बसला असता, तर त्या मंगळवारी कुठे त्याच्या हातात शेवटची नोट आली असती!

यातली बहुतेक रक्कम कुणाच्या खिशातून कुणाच्या खिशात गेलेलीच नव्हती, कारण त्या दिवशी हात बदलले ते मूठभर शेअरनी. बाकी सगळा गुणाकार. तो उलटाही फिरतो, आणि फिरला! शुक्रवारी, 7 जूनला, सेन्सेक्स 76,693वर बंद झाला. पडण्याआधीच्या सोमवारपेक्षाही सव्वादोनशे अंकांनी वर. या तीन दिवसांत आपल्या कारकुनाच्या नोटा मोजून झाल्या असत्या जेमतेम दोन लाख साठ हजार.