साठवणीचे पाणी : आधी झाकण, मग पावडर



मोटर लाइटच्या वेळेला चालते, म्हणून पाणी साठवावे लागते. कोणाचा घरामागे हौद, कोणाची स्लॅबवर टाकी, तर कोणाचे रानात शेततळे. पाणी हिरवे दिसू लागले की टीसीएलची पुडी आणून त्यात ओतायची, अशी बहुतेकांची रीत. आमचे म्हणणे असे की, पावडर शेवटी. आधी उजेड आणि गाळ यांचा बंदोबस्त व्हावा.

शेवाळाला उसासारखेच ऊन, नत्र आणि स्फुरद लागते. उघड्या हौदात ऊन फुकटचे, आणि बांधाकडून खताचे पाणी उतरत असेल तर जेवणही फुकटचे! झाकण घट्ट बसवले आणि उजेड तोडला की शेवाळाची वाढ थांबते. प्लास्टिकच्या टाकीतून उजेड आत झिरपत असेल तर ती सावलीत ठेवावी. झाकणाने डासही अडतात; डेंग्यूचा डास अशाच साठवणीच्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो.

जंतूंचे मात्र निराळे. त्यांना उजेड लागत नाही. हिरवे पाणी निदान डोळ्यांना दिसते. जुलाब-कावीळ लावणारे पाणी काचेसारखे नितळही असू शकते. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, जंतू मरतीलच असे नाही. टाकीच्या आतून हात फिरवला तर बुळबुळीत थर लागतो ना, त्यात जंतू घर करतात. वरून टाकलेला क्लोरीन हा थर आणि तळाचा गाळ यांवरच खर्ची पडतो, पाण्यासाठी उरत नाही. पावडर टाकूनही गुण येत नाही, तो यामुळे.

म्हणून टाकी पूर्ण रिकामी करून भिंती ब्रशने घासाव्यात, गाळ बाहेर काढावा. खोल, बंद हौदात एकट्याने उतरू नये. आधी हवा खेळू द्यावी आणि वर माणूस उभा ठेवावा. नंतर पाणी भरून हजार लिटरला 150 ग्रॅम पावडर घालून 24 तास ठेवावे. हे पाणी पिऊ नये, जनावरांनाही दाखवू नये. ते सोडून देऊन टाकी धुऊन घ्यावी.

रोजच्या पिण्याच्या पाण्यास हजार लिटरला सुमारे 5 ग्रॅम पावडर पुरते. प्लास्टिकच्या बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा, वरची निवळी टाकीत ओतावी आणि अर्धा तास थांबावे. ताज्या पावडरीत सुमारे 33 टक्के क्लोरीन असतो. पोते उघडे राहिले, ओल लागली की तो उडून जातो. वास गेलेली पावडर म्हणजे नुसता चुना. खात्री हवी असेल तर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ओटी तपासणी करून घ्यावी. नळाच्या पाण्यात लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा.

शेततळ्यावर झाकण घालणे अवघड. तिथे खताचे पाणी आत येऊ न देणे, फुटबॉल तळापासून आणि तवंगापासून दूर, मध्ये तरंगता ठेवणे आणि वाळूचा फिल्टर वेळेवर उलटा धुणे, एवढे केले तरी ठिबकच्या तोट्या पुष्कळ वाचतात. ठिबकमधून क्लोरीन सोडायचा तर त्याच वेळी ॲसिड किंवा खत सोडू नये. ॲसिड आणि पावडर एकत्र आली की विषारी वायू निघतो. मोरचूद शेवाळ मारतो खरा, पण मासेही मारतो. पिण्याच्या पाण्यात तो मनाने टाकू नये. पाण्यावर निळसर-हिरवा, रंग सांडल्यासारखा तवंग दिसला तर तिथे गुरे मुळीच पाजू नयेत. अशा तवंगातले विष औषध टाकल्यावर उलट पाण्यात मोकळे होते.

राहिली गोष्ट ऊसतोड टोळ्यांची. हंगामात कोप्यांवर पाण्याचे बॅरल उघडेच असते आणि लहान पोरे त्यात हात घालून तांब्या बुडवतात. आपल्या रानात टोळी उतरली की बॅरलला झाकण आणि खाली तोटी आहे का, हे रानमालकाने पाहावे. तणनाशकाचे रिकामे बॅरल कितीही धुतले तरी पाण्यासाठी देऊ नये. दोनशे लिटरच्या बॅरलला एक ग्रॅम पावडर लागते. ती अंदाजाने मुठीने न टाकता क्लोरीनच्या गोळ्या वेष्टनावरील प्रमाणात वापरणे बरे. टोळीतल्या एका बाईला वा गड्याला हे नीट दाखवून ठेवावे, कारण टँकर येतो तेव्हा बाकीचे सगळे फडात असतात.