कूलर, कांदे आणि दोन किनारे

मनमाडमध्ये नळाला पाणी आलं की माणूस दारात आलेल्या व्याह्यांनाही ‘बसा हं’ म्हणून आत पळतो. वागदर्डी धरणाच्या पातळीकडे डोळे लावून आमच्या दोन पिढ्या गेल्या. नळ पंधरा दिवसांनी यायचा, वाईट वर्षी वीस दिवसांनी. मधल्या काळात निळे ड्रम, मोरीतली सिमेंटची टाकी, आणि तेही आटलं की टँकर. अशा गावातल्या माणसाने बावन्नाव्या वर्षी ‘समुद्राकाठी राहायला जाऊ’ म्हटलं तर त्यात कवीपणा काही नसतो. त्याला नुसतं भरपूर पाणी बघायचं असतं.

मी शाळेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा आमच्यापुढे दोन नावं उरली होती, रत्नागिरी आणि पणजी. अलिबाग मुंबईकरांनी महाग करून ठेवलेलं, आणि मालवणात रात्री-अपरात्री दवाखान्याचं काय, हा प्रश्न सुटेना. रत्नागिरी बायकोची निवड, पणजी माझी. दीड वर्ष घरात यावर चर्चा झाली. चर्चा म्हणजे काय, ते संसारी वाचकांना सांगायला नको. त्या दीड वर्षात जे कळलं ते चाळिशी-पन्नाशीत घाट उतरून खाली जाऊ पाहणाऱ्या इतरांच्याही उपयोगी पडेल, असं वाटतं.

पहिला धक्का आकड्यांनी दिला. आपण गावातून शहरात चाललो आहोत, असा आमचा समज होता. २०११ च्या जनगणनेत मनमाडची लोकसंख्या ८० हजारांच्या आसपास, रत्नागिरीची त्याहून थोडी कमीच, आणि गोव्याची राजधानी पणजी महापालिका हद्दीत जेमतेम ४० हजार! तरी जिल्ह्याचं ठिकाण आणि राज्याची राजधानी यांचा रुबाब वेगळा. कचेऱ्या, नाट्यगृहं, महाविद्यालयं तिथे. आमच्याकडे जंक्शन, धान्याची गोदामं आणि रेल्वेच्या पुलांचे गर्डर करणारा कारखाना.

जंक्शनचा एक फायदा मात्र कोणी नाकारू नये. रत्नागिरीला आणि गोव्याला मनमाडहून गाडी न बदलता जाता येतं. निजामुद्दीनहून एर्नाकुलमला जाणारी मंगला एक्सप्रेस नाशिक, कल्याण, पनवेल करत कोकण रेल्वेला लागते आणि रत्नागिरीवरून पुढे मडगावला जाते. गोवा एक्सप्रेसचा रस्ता निराळा. ती मनमाडहून नगर, दौंड, पुणे, मिरज, बेळगाव करत दूधसागरच्या घाटाने उतरते. याच गाडीने २७ जुलै २०२३ ला एक विक्रम केला. मार्ग बदलल्यामुळे दिल्लीकडे जाताना ती मनमाडला वेळेच्या दीड तास आधी पोचली आणि तशीच निघूनही गेली. चाळीसहून अधिक प्रवासी फलाटावर राहिले. गाडी उशिरा येण्याची तक्रार करणाऱ्या गावाला लवकर गेलेल्या गाडीची तक्रार करताना शब्द सापडेनात.

बघायला आम्ही डिसेंबरात गेलो, आणि तिथेच चुकलो. डिसेंबरात पाहिलेला किनारा म्हणजे कांदेपोह्यांच्या दिवशी पाहिलेली मुलगी. रत्नागिरीत भाट्याच्या वाळूवर संध्याकाळचा वारा, पणजीत मिरामारला गुळगुळीत फरसबंदी, हवा कशी मऊ. दोन्ही स्थळं पसंत! शेजारच्या एका जाणत्या गृहस्थांनी सल्ला दिला, ‘‘सर, परत जा. एकदा मे महिन्यात, एकदा जुलैत. मग बोला.’’ त्यांची नोकरी रेल्वेतली, उमेदीची वर्षं कोकणात गेलेली. आम्ही ऐकलं. मेचे तीन आठवडे रत्नागिरीत, जुलैचे तीन पणजीत, खोली भाड्याने घेऊन राहिलो. या लेखातला एकच सल्ला लक्षात ठेवायचा झाला तर हा ठेवा.

मनमाडचा मे कसा असतो? पारा चाळिशी ओलांडतो, लू वाहते, रस्ते ओस पडतात. पण रात्री अंकाई-टंकाईकडून वारा सुटतो आणि गच्चीवर झोप लागते. दुपारसाठी कूलर असतोच. कूलर हे आमच्या घराचं खरं कुलदैवत. ओल्या गवतातून कोरडी हवा ओढली जाते, पाण्याची वाफ होते, वाफ होताना उष्णता खेचली जाते आणि खोलीत गार झोत येतो. यातली मेख ‘कोरडी’ या शब्दात आहे. रत्नागिरीत मेमध्ये पारा तेहतीस-चौतीस. आकडा बघून आम्ही हसलो होतो. पण तिथली हवा आधीच पाण्याने भरलेली. घाम येतो आणि वाळत नाही, तसाच ओघळत राहतो. कूलर लावला तर तो खोलीत आणखी ओल सोडतो. पंख्याखाली बसून बायको म्हणाली, ‘‘अहो, हे ऊन नाही, हे उकडणं आहे.’’ आमच्याकडे माणूस भाजतो, तिथे शिजतो. म्हणजे खर्चाच्या वहीत एसी आणि त्याचं बिल आधीच धरावं लागतं, आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना गाव बदलत असल्याचं सांगून डोस विचारून घ्यावा लागतो. दोन्ही शहरं यात सारखीच. पणजी मांडवीच्या मुखाशी असल्याने संध्याकाळी वारा बरा वाटतो, एवढंच.

पाऊस हा दुसरा पेपर. आमच्या नांदगाव तालुक्यात वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडला तरी लोक समाधानी असतात. रत्नागिरीत तीन हजारांहून जास्त, पणजीत तीन हजारांच्या जवळपास. आमच्या सहा वर्षांचा पाऊस एका चातुर्मासात! जुलैत पणजीला आठ दिवस सूर्य दिसला नाही. माझ्या चामडी पट्ट्यावर हिरवट बुरशी आली, पुस्तकांची पानं केळीच्या पानासारखी लवचीक झाली, कपाटाच्या बिजागऱ्यांना गंज चढला. समुद्राची खारी हवा लोखंडाची वैरीण आहे. स्टीलची भांडी, पितळी कड्या, सागवान किंवा फणसाचं लाकूड यांचे भाव तिथे का जास्त, हे तेव्हा कळलं. घर घेताना तळमजला टाळावा, पश्चिमेकडच्या भिंतीला ओल आहे का ते पावसातच बघावं, आणि पणजीत सखल भागात भरतीच्या वेळी जोराचा पाऊस आला तर रस्त्यावर पाणी साचतं हेही पाहून ठेवावं. रत्नागिरीत पाण्याऐवजी चढ. खालचा बाजार, वरचा सडा, आणि मध्ये पायऱ्यांच्या पाखाड्या. गुडघे आत्ता ठीक असतील, पण पंधरा वर्षांनी?

आणि कांदे. आम्ही कांद्याच्या मुलखातली माणसं. उन्हाळ कांदा चाळीत घातला की चार-पाच महिने हू की चू करत नाही. प्रेमाने पाच किलो बरोबर नेला होता. पंधरा दिवसांत निम्म्याला कोंब फुटले, उरलेला बुडाशी काळा पडला. किनाऱ्यावरच्या लोकांनी त्यावर आपले उपाय शोधलेले आहेत. अलिबागचा पांढरा कांदा वेण्या घालून टांगतात ते काही शोभेसाठी नव्हे, वारा लागावा म्हणून. मला तिथे एक गोष्ट उमगली. आम्ही उन्हाळ्यासाठी पाणी साठवतो, ते पावसाळ्यासाठी अन्न साठवतात. कोकणात त्याला आगोट म्हणतात. मिरच्या, मसाले, सुकी मासळी, आमसुलं, आंब्याची साठं, लाकूडफाटा, सगळं मृगाआधी घरात. गोव्यात त्याच गोष्टीला पुरुमेंत म्हणतात आणि मे महिन्यात त्याचं फेस्तही भरतं. हा शब्द पोर्तुगिजांकडून आला, सवय मात्र इथल्या पावसाने लावली.

बायकोचा वाळवणाचा धंदा आहे. गव्हाच्या कुरडया, नागलीचे पापड, सांडगे. मार्च-एप्रिलची मनमाडची गच्ची हाच तिचा कारखाना. रत्नागिरीत तिने मुद्दाम चीक शिजवून कुरडया घालून बघितल्या. ऊन कडक होतं, तरी दुप्पट वेळ लागला, आणि रात्री आत घेतल्या की सकाळी पुन्हा मऊ. घरमालकीणबाईंनी सुचवलं, ‘‘वहिनी, तुम्ही तिकडेच करून आणा. इथे विकायला मी आहे ना.’’ आमच्या दीड वर्षाच्या चर्चेला खरी दिशा या वाक्याने दिली. धंदा सोडायचा नाही, गच्चीही सोडायची नाही. म्हणजे मनमाडचं घर विकायचं नाही.

यानंतर सरकारी कागद. पणजी दुसऱ्या राज्यात आहे, हे नकाशावर माहीत असतं पण वहीत मांडलेलं नसतं. रत्नागिरीत माझी एमएच ४१ ची स्कूटर नुसता पत्ता बदलून चालते. गोव्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर ना-हरकत दाखला, तिथला कर आणि नवा नंबर. महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा लाभ जिल्हा बदलला तरी सुटत नाही. गोव्याच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेला तिथलं पाच वर्षांचं वास्तव्य लागतं, ज्येष्ठांसाठीच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेला पंधरा वर्षांचं. बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय १८४२ च्या परंपरेतलं. अशा तोडीचं मोठं सरकारी रुग्णालय हाकेच्या अंतरावर असणं ही पणजीची सगळ्यात मोठी जमेची बाजू, पण गोव्याबाहेरच्या रुग्णांना तिथे २०१८ पासून पैसे पडतात. रत्नागिरीत आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं असलं, तरी अवघड दुखण्याला लोक अजून आंबा घाट चढून कोल्हापूर गाठतात.

जागा घेण्याच्या भानगडीत लगेच पडू नये. रत्नागिरीजवळ आम्हाला आवडलेल्या एका घराच्या सातबारावर भावकीतली तेवीस नावं निघाली, त्यातली काही मुंबईत, काही स्वर्गात. गोव्यात सातबाराच्या जागी एक-चौदाचा उतारा, त्यावर कुळ-मुंडकारांचे हक्क, कुठे कोमुनिदादची, म्हणजे गावसंस्थेची, जमीन. त्यात तिथला नागरी कायदा १८६७ च्या पोर्तुगीज संहितेतून आलेला, तेव्हा नवरा-बायकोच्या मालकीचे नियम आपल्या सवयीचे नाहीत. स्थानिक वकिलाला फी देणं हा इथे खर्च नव्हे, बचत आहे. शेतजमिनीचं स्वप्न दोन्हीकडे आवरतं घ्यावं. महाराष्ट्रात शेतकरी असल्याशिवाय ती घेता येत नाही, आणि गोव्यानेही २०२३ मध्ये तसा कायदा केला.

माणसांचं काय? घाट उतरलेला माणूस दोन्हीकडे ‘घाटी’च. रत्नागिरीत तो मराठीत घाटी असतो, पणजीत कोंकणीत घांटी. १९६७ च्या जानेवारीत गोवेकरांनी महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला, तो इतिहास भाजीवाल्याशी बोलताना आठवत नाही. पण आपण पाहुणे आहोत ही जाणीव राहते. तशी ती राहावीही. मराठी वाचणाऱ्याचे हाल मात्र कुठेच होत नाहीत. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ चं, पणजीचं मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ चं. चार वर्षांचा फरक! त्यावरून मी आणि बायको एक अख्खी संध्याकाळ भांडलो.

रत्नागिरीत थिबा पॅलेस पाहताना मला वेगळंच सुचत होतं. ब्रह्मदेशाचा हा राजा मंडालेचा. मंडाले हा त्या देशाचा कोरडा पट्टा, आपल्या मनमाडसारखाच. इंग्रजांनी १८८५ मध्ये राज्य घेतलं आणि पुढच्या वर्षी त्याला इथे आणून ठेवलं. राजवाडा पुरा व्हायला १९१० उजाडलं, आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. एकतीस पावसाळे. त्याला मे-जुलैत आधी येऊन बघायची सोय नव्हती, अकरा महिन्यांचा करारही नव्हता.

आम्हाला तो आहे. माझं प्रामाणिक मत असं की पासष्टी गाठलेल्याने, एकट्या माणसाने किंवा ज्याला विमानतळ आणि मोठं रुग्णालय जवळ हवं त्याने पणजी निवडावी. नदीकाठची सपाट फेरी, पायी माणसाला फुकट फेरीबोट आणि खांडेपार नदीवरच्या ओपाहून येणारं पाणी, हे सगळं पन्नाशीनंतर लहान नसतं. आम्ही मात्र रत्नागिरी धरली. फेब्रुवारी ते एप्रिल मनमाड, वाळवण आटोपलं की मंगला गाठून खाली, आणि दिवाळीपर्यंत तिकडेच.

राहिलं पाणी. तीन हजार मिलिमीटर पावसाच्या गावात ते मुबलक असणार, असं मी धरून चाललो होतो. पण कोकणातला जांभा दगड चाळणीसारखा. पाणी झिरपतं, उतारावरून तासाभरात समुद्राला मिळतं, आणि एप्रिल उजाडला की विहिरी तळ दाखवतात. शहराला शीळ धरणाचा आधार, तोही उन्हाळ्यात ताणला जातो. करारावर सही करायच्या आधी घरमालक काका थोडे संकोचले.

‘‘एक सांगायचं राहिलं, गुरुजी. एप्रिल-मेमध्ये नगर परिषद कधी कधी एक दिवसाआड पाणी सोडते. तुम्हाला सवय नसेल, आधी सांगितलेलं बरं.’’

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी काकांकडे.

‘‘एक दिवसाआड?’’ ती म्हणाली. ‘‘म्हणजे परवा परत येतं?’’

काकांनी मान हलवली. तिने पदर तोंडाला लावला. ट्रकमध्ये चार निळे ड्रम चढवायचे की नाही, यावर आमचा आदल्या रात्रीच वाद झाला होता. चारही चढवले होते.