दहा धडे आणि एक गिटार

अमेरिकेतल्या यादवी युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांना हक्काचं छप्पर मिळावं, म्हणून मार्च १८६५ मध्ये अब्राहम लिंकन यांनी एका कायद्यावर सही केली. त्या कायद्यातून ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यातली एक विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहरात आहे. १८८१ साली तिथे वॉर्ड मेमोरियल हॉल बांधला गेला आणि पुढे त्याचं नाट्यगृह झालं. कलावंत यायचे, गायचे, हसवायचे आणि निघून जायचे. सैनिक खुर्चीत बसून टाळ्या वाजवायचे.

जखमी सैनिकांसाठी संगीत म्हटलं, की पुढची अनेक दशकं बहुतेक ठिकाणी हेच चित्र दिसतं. पहिल्या महायुद्धात लीना ॲशवेल या इंग्रज अभिनेत्रीने गायक-वादकांचे ताफे फ्रान्समध्ये नेले. ते छावण्यांत गायले, तसे लष्करी इस्पितळांतही गायले. काम मोलाचं होतं, यात वाद नाही. पण जखमी माणूस त्यात कायम श्रोताच राहिला.

मिलवॉकीच्या त्या जुन्या वसाहतीला लागूनच आज माजी सैनिकांसाठी चालवलेलं झब्लॉकी हे मोठं सरकारी रुग्णालय आहे. ‘गिटार्स फॉर व्हेट्स’ ही संस्था २००७ साली त्याच्याच आधाराने सुरू झाली. डॅन व्हॅन बस्कर्क हे व्हिएतनाम युद्धात लढलेले मरीन. युद्ध संपून कित्येक वर्षं लोटली तरी त्यांच्या मनातलं ते काही संपलं नव्हतं. पॅट्रिक नेटेशाइम हे गिटारचे शिक्षक. ते कधी सैन्यात नव्हते. डॅन त्यांच्याकडे शिकायला लागले आणि गिटार हातात असेपर्यंत आपल्या डोक्यातला गोंगाट थांबतो, हे त्यांच्या लक्षात आलं. मग गुरू-शिष्य मिळून मणक्याच्या इजा झालेल्या सैनिकांच्या वॉर्डात जाऊ लागले. वाजवून दाखवण्यापेक्षा शिकवण्यात अर्थ आहे, हे तिथे ठरलं.

संस्थेची पद्धत अगदी साधी आहे. सैनिकाने एक पैसाही द्यायचा नाही. सरावासाठी त्याला एक गिटार उसनी मिळते. एका शिक्षकासमोर एकच विद्यार्थी, असे दहा धडे होतात. ते पूर्ण झाले की छोटा समारंभ होतो आणि नवी कोरी अकूस्टिक गिटार त्याच्या हाती येते. ती कायमची त्याची. सोबत ती घरी वाजत राहावी म्हणून लागणारं किरकोळ सामानही मिळतं. शिकवणारे बहुतेक स्वयंसेवक असतात. आज अमेरिकेभर संस्थेच्या शंभराहून अधिक शाखा आहेत. त्यातल्या बऱ्याच सरकारी सैनिकी रुग्णालयांच्या आवारात चालतात.

एकाला एकच शिक्षक का, याचं उत्तर दुखण्यातच आहे. युद्धाच्या आघाताने मन जायबंदी झालेल्या माणसाला, डॉक्टरांच्या भाषेत पीटीएसडी झालेल्याला, गर्दी नकोशी होते. दाराकडे पाठ करून बसवत नाही, दचकून जाग येते. समुपदेशकासमोर बसलं की ‘तेव्हा काय झालं ते सांगा’ हा प्रश्न आज ना उद्या येतोच. गिटारच्या तासाला तो येत नाही. तिथे प्रश्न एवढाच, की ई मायनर कॉर्ड वाजवताना दुसरी तार का घुसमटते आहे. बोलायचं नसेल तर बोलू नये. बोटं चालली म्हणजे झालं. शिवाय दर आठवड्याला ठरल्या वेळी घराबाहेर पडायला एक कारण मिळतं. महिनोन्‌महिने खोलीत कोंडून घेतलेल्यांच्या बाबतीत हे कारण तालासुराइतकंच महत्त्वाचं ठरत असावं.

सुरुवात मात्र सुखाची नसते. पोलादी तारा बोटांच्या पेरांना कापतात. घट्टे पडेपर्यंत काही आठवडे जातात. ज्यांच्या हातालाच इजा आहे, त्यांना नेहमीची पकड सोडून वेगळी वाट शोधावी लागते. संगीताच्या इतिहासात अशा वाटा पुष्कळ आहेत. पॉल विटगेनश्टाइन या ऑस्ट्रियन पियानोवादकाचा उजवा हात पहिल्या महायुद्धात गेला. रशियनांच्या कैदेत तो लाकडी खोक्यावर डाव्या हाताची बोटं आपटून रियाज करत राहिला. पुढे त्याच्यासाठी राव्हेल या संगीतकाराने फक्त डाव्या हाताचा कॉन्चेर्टो लिहिला आणि १९३२ साली व्हिएन्नात त्याने तो वाजवला. ‘ब्लॅक सॅबथ’ या रॉक बँडचा गिटारवादक टोनी आयोमी सैनिक नव्हता, कारखान्यातला पोरगा होता. यंत्रात दोन बोटांची टोकं गेल्यावर त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून टोपणं बनवली आणि तारा सैल केल्या.

गिटारने खरंच फरक पडतो का? मिलवॉकीतच याची छोटी चाचणी झाली. पीटीएसडी असलेल्या ४० माजी सैनिकांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले; एकाला लगेच सहा आठवडे शिकवलं, दुसऱ्याला थांबवून ठेवलं. शिकलेल्यांच्या पीटीएसडीच्या लक्षणांत सुमारे २१ टक्के आणि नैराश्यात सुमारे २७ टक्के घट दिसली. २०१८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आकडे आशादायक आहेत. पण माणसं चाळीसच, तीही स्वतःहून आलेली, हे विसरून चालणार नाही. गिटार औषधाची जागा घेते, असं कोणी समजू नये. शिकवणारे स्वयंसेवक हे संगीतोपचाराचे पदवीधर नसतात. अमेरिकेत तो स्वतंत्र, रीतसर शिकण्याचा व्यवसाय आहे.

सगळ्यांनाच गिटार धरता येईल असंही नाही. जो अंथरुणातून उठूच शकत नाही त्याचं काय? त्यासाठी ‘म्युझिशियन्स ऑन कॉल’सारखी संस्था आहे. भारतीय वंशाचे विवेक तिवारी आणि मायकेल सॉलोमन यांनी ती १९९९ साली न्यूयॉर्कमध्ये काढली. तिचे स्वयंसेवक सैनिकी रुग्णालयांतही जातात. एक वादक आणि एक वाटाड्या असे दोघं खोल्याखोल्यांतून फिरतात. दारात थांबून ‘गाणं ऐकायचंय का?’ असं आधी विचारतात. रुग्णाला नाही म्हणता येतं. सुई, सलाइन, तपासणी यातल्या कशालाच ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या दृष्टीने ही काही लहान गोष्ट नव्हे.

तरीही, निवड करायची तर माझं मत गिटारच्या बाजूने पडेल. गाणं ऐकवून पाहुणा निघून गेला की खोली पुन्हा पहिल्यासारखी होते. दहाव्या धड्यानंतर वाद्य घरातच राहतं. ‘गिटार्स फॉर व्हेट्स’मध्ये शिकून बाहेर पडलेले काही सैनिक पुढे स्वतःच शिकवू लागले आहेत.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि गिटार वाजवणाऱ्या मराठी वाचकांनी जवळच्या सैनिकी रुग्णालयात या संस्थेची शाखा आहे का, एवढी चौकशी जरूर करावी. शिकवायला सैन्यात असायलाच हवं असं नाही. नेटेशाइमही नव्हते.