फुलकिडे खाणारे फूलढेकूण : ओळख व वर्गीकरण

‘ढेकूण’ हा शब्द कानी पडताच मनात किळस उत्पन्न होते आणि हात चिरडण्यासाठी पुढे सरसावतो. खाटेतील ढेकणाच्या बाबतीत ही प्रवृत्ती योग्यच होय. परंतु त्याच ढेकणाचे काही आप्त मिरचीच्या फुलांत व मक्याच्या तुऱ्यात राहून शेतकऱ्याच्या पिकाची राखण करीत असतात. वर्गीकरण म्हणजे अवघड नावांचे पाठांतर, असा समज विद्यार्थ्यांत आढळतो. मित्र व शत्रू वेगळे ओळखण्याची ती एक शिस्त आहे, हे या लहानशा कीटकावरून उत्तम प्रकारे समजावून देता येते.

प्रथम शत्रूचा परिचय करून घ्यावा. फुलकिडे सामान्यतः एक ते दोन मिलिमीटर लांबीचे, सडपातळ असतात. त्यांच्या अरुंद पंखांच्या कडांना केसांची झालर असते. ते पानाचा पृष्ठभाग खरवडून रस शोषतात. त्यामुळे कांद्याच्या पातीवर चंदेरी चट्टे पडतात. मिरचीची पाने वरच्या बाजूस वळून आकसतात. शेतकरी या विकृतीस ‘चुरडा-मुरडा’ म्हणतात. फुलकिडे पातीच्या बेचक्यात व फुलांच्या आत दडून राहत असल्याने फवारलेले औषध त्यांच्यापर्यंत पुरते पोहोचत नाही. उलट, उघड्यावर हिंडणारे त्यांचे भक्षक मात्र मरतात आणि काही दिवसांनी फुलकिडे पूर्वीपेक्षाही वाढू शकतात.

अशा भक्षकांपैकी ‘ओरियस’ या प्रजातीचे फूलढेकूण प्रमुख होत. त्यांची लांबी सुमारे दोन मिलिमीटर, रंग काळपट तपकिरी आणि पंखांवर फिकट डाग असतात. ते आपली सोंड भक्ष्याच्या अंगात खुपसून आतील द्रव शोषून घेतात. मादी वनस्पतीच्या कोवळ्या भागात अंडी खुपसून ठेवते. पिल्ले पाच अवस्थांतून जातात व उबदार हवेत दोन-तीन आठवड्यांत प्रौढ होतात. फुलकिडे मिळेनासे झाले की हे कीटक कोळी, मावा, पतंगांची अंडी, इतकेच नव्हे तर परागकणही खाऊन राहतात.

आता वर्गीकरणाच्या पायऱ्या पाहू. पहिली पायरी गणाची. तोंड सोंडेसारखे, टोचून शोषणारे असेल तर कीटक अर्धपंखी गणातील समजावा. फुलकिड्यांचा गण निराळा आहे. त्यास झालरपंखी म्हणता येईल. दुसरी पायरी पंखांची. मावा व तुडतुडे हेही अर्धपंखीच. पण त्यांचे पंख पाठीवर बहुधा छपरासारखे उतरते असतात. ढेकणांच्या गटात पुढील पंखाचा बुडखा जाड व टोक पातळ पडद्यासारखे असते आणि पंख पाठीवर सपाट मिटतात.

तिसरी पायरी कुलाची. पुढील पंखाच्या जाड भागाच्या टोकाशी, बाहेरच्या कडेला, खाचेने अलग झालेला लहानसा त्रिकोण दिसतो काय, हे पाहावे. असा त्रिकोण दोन कुलांत ठळक असतो : फूलढेकणांचे अँथोकोरिडी कुल व पानढेकणांचे मिरिडी कुल. फूलढेकणाच्या डोक्यावर दोन मोठ्या डोळ्यांखेरीज दोन साधे नेत्र असतात व सोंडेचे तीनच भाग दिसतात. बहुतेक पानढेकणांना साधे नेत्र नसतात आणि त्यांची सोंड चार भागांची असते. या खुणांसाठी सूक्ष्मदर्शक लागतो. ‘जिओकोरिस’ हा ढेकूणही फुलकिडे खातो. त्याला हा त्रिकोण नसतो. मात्र बाहेर आलेल्या टपोऱ्या डोळ्यांमुळे तो सहज ओळखता येतो. खाटेतील ढेकणाच्या पंखांचे केवळ खुंट उरलेले असतात व तो उडू शकत नाही.

पिल्लांच्या बाबतीत घोटाळा अधिक होतो, कारण दोन्हींची पिल्ले पिवळसर असतात. फुलकिड्याचे पिल्लू लांबट व निमुळते असते. फूलढेकणाचे पिल्लू पेरूसारख्या घाटाचे, लाल डोळ्यांचे व चपळ असते.

चौथी पायरी जातीची. ती शाळेत गाठता येत नाही. भारतात ‘ओरियस टँटिलस’ व ‘ओरियस मॅक्झिडेंटेक्स’ या जाती आढळतात. परंतु अशा जाती निश्चित करण्यासाठी नराच्या शेपटाकडील सूक्ष्म अवयव सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे लागतात. शाळेच्या नोंदवहीत ‘कुल अँथोकोरिडी, जाती अनिश्चित’ एवढे लिहिणे हेच प्रामाणिक विज्ञान होय.

ही सावधगिरी किती आवश्यक आहे, हे हवाई बेटांतील एका उदाहरणाने स्पष्ट होते. तेथे नांदरुकाची पाने गुंडाळणाऱ्या फुलकिड्यांच्या नाशासाठी 1964 साली ‘मोंटँडोनिओला’ प्रजातीचा फूलढेकूण आणण्यात आला. त्याने ते काम केले. पण एका उपद्रवी तणाच्या नियंत्रणासाठी 1953 साली मुद्दाम सोडलेले उपयुक्त फुलकिडेही तो खाऊ लागला. पुढे 2009 साली असेही दिसून आले की, 1896 पासून एकाच जातीच्या नावाखाली प्रत्यक्षात अनेक निरनिराळ्या जाती गणल्या जात होत्या. तज्ज्ञांकडूनही असे घडते, तेव्हा पाहिल्याशिवाय नाव देण्याची घाई विद्यार्थ्यांनी करू नये.

शिक्षकांनी सकाळच्या वेळी मुलांना मका, सूर्यफूल किंवा मिरचीच्या शेतात न्यावे. नुकतीच फवारणी झालेल्या शेतात मात्र जाऊ नये. पांढऱ्या कागदावर फुलोरा हलकेच झटकावा आणि पडलेले कीटक दहापट मोठे दाखविणाऱ्या भिंगातून पाहावेत. फुलकिडे किती, फूलढेकूण किती, हे दोन रकान्यांत मांडावे व दर आठवड्यास त्याच शेतात पुन्हा मोजावे. तो तक्ता शेताच्या मालकास अवश्य दाखवावा. फवारणीचा पंप पाठीवर घेण्यापूर्वी आपल्या शेतात राखणदार किती आहेत, हे त्यास आपल्याच मुलांच्या अक्षरात वाचावयास मिळेल.